गिळलेल्या ओळी

२ मार्च

पाच वर्षांच्या कागदावर सही ठोकलीस, आणि ते आम्हाला बेकरीवाल्याच्या थोरल्याकडून कळावं? तुझ्याच पलटणीतला तो. परवा घरी परतला आणि पाव बांधता बांधता सांगून मोकळा झाला, की लढाई संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, घरी जायचं त्यानं जावं, नोकरी पुढे चालवायची त्यानं सही करावी. सहीच्या रांगेत तू म्हणे पहिला. मी पाव तिथंच टाकून आले.

चि. चिमण्यास आजीचा आशीर्वाद. राग आहे म्हणून आशीर्वादात काटछाट करत नाही.

मी ठीक. गुडघे कुरकुरतात, तोंड चालतं. तुझ्या बायकोचं ऐक. लढाई थांबल्याचं कळलं त्या दिवशी ती इस्पितळाच्या लाँड्रीतून भरदुपारी पळत घरी आली. चादरींना इस्त्री करून करून बोटं भाजलेली, तरी त्याच बोटांनी तुझा कोट उसवून आत घेतला, तू वाळला असशील म्हणून. पलंग खिडकीशी ओढला आणि मला सांगितलं, की आजी, आता तुम्ही स्वयंपाकघरात झोपायचं. मी बरं म्हटलं. सहीचं तिला अजून सांगितलेलं नाही. जिना वाजला की उठून उभी राहते. असा दगा तुला शत्रूनंही दिला नसेल रे.

तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तुमचा सगळा पत्रव्यवहार माझ्या हातून होतो. तेव्हा मला पक्कं माहीत आहे, एकाही पत्रात तू ही गोष्ट काढली नाहीस. आता काढ.

कळावे. लोभ अजून आटलेला नाही, पण तू फार ताणू नकोस.

आजी


९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

दगा मी दिला? तुझं पत्र तीनदा वाचलं, तरी तो शब्द तिथंच.

नोव्हेंबरात, जानेवारीत आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, अशा तीन पत्रांत मी घुमीला विचारलं. लग्नापासून मी तिला घुमीच म्हणतो, बोलायला तिला मुहूर्त लागतो म्हणून. लिहिलं होतं, की मी गेलो तसा राहिलेलो नाही. डावा कान गेला आहे. झोपेत ओरडतो, शेजारचे जवान हलवून उठवतात. असा नवरा चालणार असेल तर एक शब्द कळव, लढाई संपताच घरी येतो. काही कळवलं नाहीस तर मी काय ते समजेन आणि इकडेच नोकरी धरेन.

पहिल्याचं उत्तर आलं, छपराची गळती थांबली. दुसऱ्याचं, मोज्यांची लोकर महागली. तिसऱ्याचं, स्टोव्ह धूर सोडतो. मी ती पत्रं उलटी करून पाठीमागेही पाहिलं, आजी. तोंडावर नको म्हणायला तिला जड जात असेल, म्हणून धुराच्या गोष्टी सांगते, असं धरून चाललो. रांगेत पहिला उभा राहिलो, कारण घरी निघालेल्यांचं हसणं बघवत नव्हतं.

महिनाअखेरपर्यंत सही मागे घेता येते. कुणासाठी घेऊ?

तिला बोल लावू नकोस. तुझ्या गुडघ्यांना जप, आणि तुझी माया राहू दे, इकडे तेवढीच उरली आहे.

तुझा चिमण्या


१६ मार्च

चि. चिमण्यास आशीर्वाद.

तिनं उत्तर दिलं नाही, कारण तिला प्रश्न पोचलाच नाही. तो मी गिळला.

तुझ्या पत्रात जरा लाडाचा शब्द दिसला, की मी तिथून उडी मारून थेट हवापाण्यावर येत असे. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला मीठ मागितलं, त्यापलीकडे काही नाही. आणि मी नातसुनेला मोठ्यानं वाचून दाखवायचं, की तुझ्या मानेवरचा तीळ आठवतो? जीभ वळेना. मग वाचायचं काय, तर मोजे, बूट, थंडी. नवऱ्याला नुसते पायच आहेत असं तिला वाटलं असेल. दर वेळी विचारायची, एवढंच का? मी सांगायची, एवढंच. तुझा प्रश्न त्या तिळाच्या शेजारीच बसलेला. माझी नजर तिथवर गेलीच नाही.

मंगळवारी तिला सगळं सांगितलं. भांडली असती तर सोसलं असतं. तिनं ट्रंकेतली तुझी पत्रं उचलली आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेली. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. तीळ पाचदा आला. तुझा प्रश्न तीनदा.

खाली येऊन म्हणाली, की आता ती सांगेल आणि मी लिहायचं, अक्षरही न गाळता. नर्सबाई माझ्या खांद्यावरून बघत उभ्या आहेत, इन्स्पेक्टरसारख्या. तेव्हा इथून पुढचं तिचं.

आजींनी मला फसवलं. (पुन्हा लिहा म्हणते.) आजींनी मला फसवलं. दोन वर्षं मी मोजेवाल्या नवऱ्याची बायको होऊन राहिले.

पण तुम्हीही फसवलंत. माझी पत्रं कोण वाचतं, कोण लिहितं, तुम्हाला ठाऊक होतं. आजी कशा आहेत तेही ठाऊक होतं. नर्सबाईंना दोन ओळी टाकता आल्या असत्या. ते केलं नाहीत. उत्तर येणार नाही अशा जागी प्रश्न ठेवलात, आणि आलं नाही म्हणून मला सोडून दिलंत. मी इथं कोट शिवत होते.

झोपेत ओरडता तर ओरडा. ओरडणाऱ्यांच्याच चादरी मी रोज इस्त्री करते. डावा कान गेला असेल तर मी उजवीकडे झोपेन. हे लिहिताना आजींना लाज वाटते आहे, वाटू दे.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही आल्यावरही बरेच दिवस जाणार नाही, आणि तो मला तुमच्यासमोर धरायचा आहे. सही मागे घ्या. माझ्यावर जीव आहे असं त्या कागदांत लिहिलंय म्हणे. खरं असेल तर असू द्यावा.

मला आता पत्र नको. मला वाचता येत नाही, हे तुम्ही दोघंही विसरलात. याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, दारात उभं राहून, स्वतःच्या तोंडानं.