डोळा उघडला

मु. भाजे

ती. तेजलताईस, धाकट्या निलेशचा नमस्कार. भाऊजींची पाठ आता वाकते का, आंबीला पाणी वेळेवर येतं का, ते कळव. आमचं म्हणशील तर बाळाचा डोळा उघडला. आता पुढचं निवांत वाच.

पापणीवरचा लाल ठिपका फुगत गेला, तेव्हा तू पाळण्यापाशीच निकाल दिलास की सृष्टीनं पोटुशी असताना ग्रहणात टोमॅटो चिरला, त्याचंच हे फळ. सृष्टी रडली, तू तडक आंबीला सासरी गेलीस. (ग्रहण सुटल्यावर त्याच टोमॅटोची कोशिंबीर तू दोनदा वाढून घेतलीस, ते असो.) गाठीनं डोळा झाकायला लागल्यावर आम्ही पुणं गाठलं. गाठ रक्तवाहिन्यांची आहे आणि डोळा असाच झाकलेला राहिला तर नजर कायमची अधू होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई मात्र प्रत्येक प्रश्नाला ग्रहण सांगत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "आजी, रक्तवाहिन्यांना पंचांग वाचता येत नाही."

"मग त्यास्नी वाढा म्हनून सांगतं कोन?" आईनं विचारलं.

बाईंनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, अगदी बरोबर विचारलंत. पेशीच एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. पोटातल्या बाळाच्या रक्तवाहिन्या अशाच तयार होतात, मग काम झालं की निरोप थांबतो. या गाठीत तो थांबलाच नाही. लोणावळ्याच्या बंगल्यांत पाइप टाकण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला लगेच उमगलं. मी विचारलं, कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा? त्यांनी थेंब दिले. मूळचं हृदयाचं औषध, पण त्यानं हा निरोप कमी होतो आणि गाठ आक्रसते. फक्त उपाशीपोटी द्यायचं नाही. त्यामुळे आई आधी बाळाचा ढेकर स्वतः ऐकते, मगच बाटलीला हात लावू देते.

आता गाठ फिकी पडून बसलीय. काल बाळानं दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो. आईला वाटलं, नळ बिघडला.

तुझा,
निलेश

ता. क. बारसं येत्या रविवारी आहे. डोळा उघडेपर्यंत आईनं अडवलं होतं, आता सृष्टीनं अडवलंय. आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणते. तेवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. हल्ली अनोळखी माणूस दिसलं की बाळ भोकाड पसरतं. रविवारची वाट पाहू नकोस, आधीच ये. तुला बघून माझी लेक रडली तर मला सोसायचं नाही.