चार नंबरचा इलेक्ट्रोड

सोमवार, ३
अखेर चिकटलो एकदाचा नोकरीला. निघताना आईने तीनदा विचारलं, डबा घेतलास का. वहिनीने दादाचाच निळा डबा भरून दिला. त्याच्या जागेवर मला घेतलंय, त्यामुळे फार हुरळून जाणं बरं नाही, पण आनंद झालाय खरा. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथे माझी छोटीशी खोली आहे. खिडकीतून चार नंबरची टाकी आणि तिची शिडी दिसते. बारा इलेक्ट्रोड सांभाळायचे. पेनाएवढे असतात, टोकाला काचेचा फुगा. पाण्यात किती ॲसिड आहे ते सांगतात. मीटरवर सात आले की माणसाने टाकीत उतरायला हरकत नाही. दोन-तीन आले की लांब राहायचं.

मंगळवार, ४
आमच्या फोरमनना सगळे चष्मेवाले काका म्हणतात. त्यांनी रीत शिकवली. इलेक्ट्रोड आधी सौम्य ॲसिडात, मग स्वच्छ पाण्यात, मग मऊ कागदाने टिपायचा. घासायचा नाही. तान्ह्या बाळाचं नाक पुसतो तसा, म्हणाले. मग आकडा आधीच माहीत असलेल्या दोन द्रावणांत बुडवून खरं बोलतोय का बघायचं आणि नोंदवहीत सही करायची. दादाचा हात यात फार हलका होता, असं म्हणाले आणि घाईघाईने पंप बघायला गेले.

गुरुवार, ६
आज एक इलेक्ट्रोड बेसिनच्या कडेला लागला. काकांनी सरळ बाद केला. मी म्हटलं, दिसायला तर धडधाकट आहे. ते म्हणाले, केसाएवढा तडा गेला तरी तो मरतो, पण गप्प बसत नाही. कशातही बुडवा, सातच सांगतो. ॲसिडात बुडवून दाखवला. सात.
डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, ७
कुठेतरी लिहायलाच हवं. त्या दिवशी दादाचा डबा घेऊन मीच आलो होतो. त्याला टाकीत उतरून गाळ काढायचा होता. मी शहाणपणा केला, म्हटलं चार नंबरचा इलेक्ट्रोड मी धुतो. धुताना नळावर आपटला. रुमालाने खसाखसा पुसून परत लावला. दादाने शिडीवरून विचारलं, सात आहे का. मी सात म्हटलं आणि घरी गेलो.
तो वर आला नाही. अहवालात लिहिलंय, मेलेला इलेक्ट्रोड न तपासता उतरला, स्वतःचा हलगर्जीपणा. आई अजून म्हणते, एवढा जपून वागणारा, त्या दिवशीच कसा चुकला. वहिनीने त्याच्या फोटोशी अबोला धरलाय. आणि मी त्याच्या डब्यात जेवतो.

सोमवार, १०
सकाळी आलो तर चार नंबर आधीच धुतलेला. नोंदवहीत आजची तारीख, अक्षर दादाचं: धाकट्याने धुतला. छान धुतला.
म्हणजे म्हणूनच त्याने पुन्हा तपासला नाही. शाई ओली होती. काकांना दाखवलं, त्यांना ओळ कोरीच दिसली.

मंगळवार, ११
आज घरी सांगणार होतो. आई भाजी निवडत होती, वहिनी समोर बसलेली. दादा चुकला नाही, एवढंच म्हणायचं होतं. मीही भाजी निवडू लागलो. उद्या.

बुधवार, १२
चार नंबरला नवाकोरा इलेक्ट्रोड लावला. ॲसिडात सात. साबणाच्या पाण्यात सात. काकांनी हातात घेऊन ॲसिडात धरला, दोन. मी घेतला — सात.
घरी आजही नाही बोललो.

गुरुवार, १३
शिडीवर ओली पावलं. खाली जाणारी. वर येणारी नाहीत.
नोंदवहीत लिहायला बसलो, मी फोडला. लिहिलं गेलं — सात.
खरं फक्त या रोजनिशीत उमटतंय.

शुक्रवार, १४
जेवणाची सुट्टी. सगळे गेलेत. दादा शिडीवर आहे. पाठमोरा, बाह्या दुमडलेल्या. विचारतोय, सात आहे का. तशाच मायेने —
नाही म्हणायचं. एवढंच. तोंड उघडलं — सात म्हणालो.
तो एक पायरी उतरला. पुन्हा विचारतोय. पुन्हा माझ्या तोंडून —
रोजनिशीच खिडकीच्या काचेला लावतो. मोठ्या अक्षरात. वाच रे, दादा —
सात नाही. उतरू नकोस. तो मी फो