केसाएवढी चीर

कोल्हापूर, रविवार, संध्याकाळ

सासऱ्यांच्या रायफलीची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून हे दुसऱ्या जातीच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घेतात, हलका बार भरून याच रायफलीतून उडवतात. पितळ आत फुगून रायफलीच्या मापाचं होतं आणि पुंगळी पुन्हा भरता येते. चीर गेलेली मात्र फेकायची, हा नियम ह्यांचाच.

आज रेंजवरून आल्यावर ह्यांनी सहा पुंगळ्या खिडकीशी धरून तपासल्या. "सगळ्या झकास!" मी डबा उचलला, तर एकीच्या बुडाजवळ चीर. केसाएवढी, पण चीरच. ती पुन्हा उडवली असती तर जाळ मागे, तोंडावर... नको तो विचार.

"ही बघा."

"कुठाय?"

ह्यांना दिसलीच नाही. शेवटी नखाला लागली, तेव्हा चेहरा उतरला. डोळ्यांचं दुखणं किती दिवस लपवलं असेल? आणि मला कसं कळलं नाही?

मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तोवर रायफल बंद."

"आणि डॉक्टर कायमची बंद म्हणाला तर? आबांची रायफल पोलिसांत जमा करू?"

आवाज इतका बारीक झाला की रागवायचं राहूनच गेलं.

"परवाना माझ्या नावावर करू. मी शिकते."

"तू? बार उडाला की कान झाकतीस की!"

"मग तुम्ही मागे उभे राहून माझे कान झाका."

ह्यांना हसू आलं. मलाही, पण मी स्वयंपाकघरात गेल्यावर.