विकतची फळी

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावले म्हटलं तर लोक हसतील. तरी मी रागावलेली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी एक फळी विकत घेतली. समुद्रात न्यायची, तिच्यावर पालथं पडून हातांनी पाणी मागं सारायचं, आणि लाट आली की उठून उभं राहायचं. सर्फबोर्ड म्हणतात. तुम्ही समुद्र कधी बघितला नाही. तुमचं पाणी म्हणजे कालव्याचं, पाळी आली की दारं धरून पिकाला द्यायचं. पण ही फळी घेताना मी जो वाद घातला तो खरं तर तुमच्याशी होता, म्हणून तुम्हाला लिहितेय.

लासुर्ण्याचं सायकलचं दुकान आठवतं? मी आठवीत आहे, अंथुर्ण्याहून हायस्कुलाला पायी जातेय, आणि त्या दिवशी तुम्ही सायकल घ्यायला निघालाय. धाकट्या भावालाही बरोबर घेतलंय. दुकानाच्या दारात एक निळी सायकल उभी आहे. मी तिचं हँडल धरते आणि सोडत नाही. तुम्ही तीच घेता, धाकट्यासाठी, ज्याचे पाय पायडलला पोचत नाहीत. दुकानदार स्वतःहून म्हणतो की थोरली ही आहे, शाळा हिची लांब आहे. तुम्ही हसता. "हिला कशाला इकत? उद्या लोकाच्या घरी जायची. तवर भाड्याची बास हाय."

त्याचे पाय पोचत नव्हते म्हणून ती नवी सायकल लासुर्ण्यापासून घरापर्यंत मी ढकलत आणली. धाकटा सीटवर बसून घंटी वाजवत होता. पुढं परीक्षेच्या दिवसांत मला गावातल्या दुकानातून भाड्याची सायकल मिळायची. मिळेल ती. कधी ब्रेक नसायचा, कधी चेन उतरायची, आणि अंधार पडायच्या आत परत करायची. पोहण्याचंही तेच. धाकट्याला तुम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलंत. मी काठावर त्याचे कपडे धरून बसले. एकदा कालव्यात उतरले तर वेणीला धरून बाहेर काढलंत. चाळिशी उलटल्यावर बारामतीच्या तलावात, बायकांच्या बॅचमध्ये, पोरीबाळींच्या शेजारी मी पोहायला शिकले. मी तिथंच एका शाळेत शिकवते. शाळेच्या सहलीनं मालवणकडं गेलो तेव्हा एका कोळीणबाईनं आम्हाला अशा फळीवर घातलं. ती पाण्यात पोरींना शिकवते आणि फळ्या भाड्यानं देते, विकतेही. मागून पाणी आलं आणि मला उचलून पुढं घेऊन गेलं, आबा. कुणी न ढकलता. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी तिथं जात राहिले.

विकत घेते म्हटल्यावर घरात सगळे शहाण्यासारखं बोलले. आमचे हे म्हणाले, वर्षातून तीन-चारदा जाणार, तिथं भाड्यानं मिळतेच, एवढं धूड दरवेळी घाटातून न्यायचं कशाला आणि घरात ठेवायचं कुठं. एकही शब्द खोटा नव्हता. मग मालवणला त्या बाईनंही तेच सांगितलं, फार मायेनं सांगितलं. "ताई, अजून एक हंगाम भाड्याच्याच वापरा. चार तऱ्हेच्या वापरून बघा. कुठली जमते ते कळलं की मग घ्या." तिच्या तोंडून मला तुम्ही ऐकू आलात. तवर भाड्याची बास हाय. मी म्हणाले, मला भाड्याचं काही नको. इतक्या जोरात म्हणाले की किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली.  बाईनं तोल सांभाळायला सोपी अशी एक रुंद, लांब फळी पुढं केली. मी मागची अरुंद, आखूड उचलली, कारण ती कधी कुणाला भाड्यानं दिली जात नव्हती.

गोधडीत गुंडाळून, गाडीच्या टपावर बांधून आणली. बारामतीला जाण्याआधी वाट वाकडी करून अंथुर्ण्याला थांबलो. धाकटा डाळिंबातनं हात पुसत आला, टपाकडं बघून हसला. "आक्का, हितं कुठं समुद्र हाय?" मग म्हणाला, आबा असते तर बोलले असते. मी म्हणाले, आबा असते तर मी त्यांना विचारलं नसतं. तो हसायचा थांबला. मी त्याला विचारलं, ती सायकल मी ढकलत आणली होती, आठवतं का तुला.

"कंची सायकल?" तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्यानं सैल झालेली दोरी पुन्हा आवळून दिली, चहा घेऊन जा म्हणाला. मी गाडीत बसून राहिले. त्याच्यावर काय रागावणार? ज्याला मिळतं त्याला लक्षात ठेवायची गरज नसते. लोक मला समजावतात की तेव्हा सगळेच तसे होते. सगळे तसे होते हे मला ठाऊक आहे. पण त्या दुकानात सगळे नव्हते, तुम्ही होता. आणि परका माणूस माझ्या बाजूनं बोलत होता.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या फोटोसमोरही ठेवणार नाही. कारण शेवटी एक गोष्ट लिहावी लागते आणि ती वाचून तुम्ही तसेच हसाल. नाताळात ती फळी घेऊन दोनदा समुद्रात गेले. गुडघ्यांवर येते आणि पडते, येते आणि पडते. भाड्याच्या फळीवर मी उभी राहत होते.