तिसरी बोट

मोताळा

प्रिय बाबा,

जय भीम.

‘प्रिय’ लिहून झाल्यावर वाटलं, हे खोडावं. पण खोडलेलं पत्र आईनं पाहिलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, म्हणून राहू दिलं. फोनवर हे बोलता येत नाही. फोन कायम आईच्या हातात असतो, आणि चुकून माझ्या हातात आलाच तर तुमच्याकडची रेंज जाते. माझाच आवाज ऐकून ती बरी जाते. पत्राला ती अडचण नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाचा, मध्येच घडी करून खिशात घालू नका.

तुम्ही आईला तीन बोटींचे व्हिडिओ पाठवलेत. खाली लिहिलंत, ‘तुले कोणती आवडली?’ जसं काही साड्या आहेत, आणि पदर पाहून सांगायचंय. जिनं आयुष्यात पाणी पाहिलं ते मेहकरच्या नळाचं आणि फार तर पेनटाकळीच्या धरणाचं, तिला तुम्ही विचारता की खाडीतही चालेल आणि बाहेर समुद्रातही नेता येईल अशी बोट कोणती. आणि ती बसते पाहत. शाळेतून मी घरी येते तर खुर्चीवर चष्मा लावून बसलेली, मोबाइल नाकाजवळ. ‘पायल, हे मोठं करून दाखव वं. हे मागची फळी केवढी उंच आहे?’ मी म्हटलं, तुला काय करायचंय मागच्या फळीशी? तर म्हणे, ‘पाणी तिकडूनच आत येते म्हणतात.’ कोण म्हणतात ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तुमचा विषय निघाला की माझी भाकरी करपते.

तुम्हाला आठवत नसेल, मी आठवण करून देते. एसटीच्या वर्कशॉपमधून तुम्ही रिटायर झालात. निरोपाचे हार घरात सुकले नव्हते, तेवढ्यात तुमचं ठरलं की जहांगीर चाचांबरोबर त्यांच्या मुलीकडे, सफाकडे, रत्नागिरीला जाऊन यायचं. ‘आठवडाभर हवा खाऊन येतो.’ सफाचा नवरा अल्तमश खाडीत मासेमारी करतो, त्याचं इंजिन बंद पडलं, तुम्ही ते चालू केलंत. मग शेजाऱ्याचं. मग पलीकडच्या वाडीतल्याचं. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचा पावसाळा झाला, आणि तुम्ही तिथं खोली घेतलीत. आई मेहकरच्या घरात एकटी, मी तिला माझ्याकडं मोताळ्याला आणेपर्यंत. तुम्ही तिला माशांचे फोटो पाठवायचे. रोज एक मासा. जन्मभर एसटीची डिझेल इंजिनं खोलली, सकाळी अंधारात डबा घेऊन गेलात, हे सगळं मला माहीत आहे आणि मान्यही आहे. पण डबा कोण करत होतं? तिला कुठं हवा खायला जायचं होतं का, हे कधी विचारलं होतंत?

हेही एक वेळ गिळलं असतं. गेल्या हिवाळ्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते गिळता येत नाही. गाठ होती, आणि ती कसली हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात आम्ही दोघंच, मी आणि अविनाश. मी तुम्हाला सारखी फोन लावत होते. लागला नाही. अल्तमशला लावला, त्यानं उचलला नाही. आईला आत न्यायच्या आधी मी म्हटलं, बाबा कुठायत? तर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, ‘समुद्रावर गेले असतीन. तिथं रेंज नसते.’ अविनाशनं, म्हणजे जावयानं, तिची चप्पल पिशवीत घालून छातीशी धरली होती आणि तसाच बाहेर बाकावर बसून होता. नवरा कुठं होता? मासे पकडत होता. गाठ साधी निघाली म्हणून बरं. नसती निघाली तर ते शब्द तिचे शेवटचे ठरले असते, आणि तेही तुम्हाला पाठीशी घालणारे.

जयंतीला तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला नीट चहासुद्धा विचारला नाही. तुम्ही डावा हात अंगाशी धरून बसला होतात. धक्क्याच्या पायरीवर घसरलो म्हणालात. मी मनात म्हटलं, बरं झालं. ते मनात म्हटलेलं मी आज कागदावर लिहिते आहे, आणि त्यासाठी माफी मागणार नाही, हे आधीच सांगते. का, ते पुढं येईल.

बोटींचं डोक्यातून जाईना. शेवटी मागच्या रविवारी मी रोहिणखेडला गेले. म्हटलं, चाचा रत्नागिरीला तुमच्यासोबत राहून आलेत, त्यांना विचारावं की ह्या बाईच्या मोबाइलवर काय चाललंय. परत येण्याचं कारण त्यांनी आम्हाला गुडघेदुखी सांगितलं होतं. नूरबी चाचीनं चहा ठेवला. मी चाचांना तिन्ही व्हिडिओ दाखवले. पहिल्या निळ्या बोटीकडं पाहून त्यांनी मान फिरवली. दुसरी लाकडी, तिचं बूड खाली निमुळतं उतरलेलं. तिसरी पांढरी फायबरची, कुणीतरी वापरून विकायला काढलेली.

मी म्हटलं, चाचा, सांगा ना. त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो प्यायलेच नाहीत. मग म्हणाले, ‘बेटा, निळी आहे ना, ती खाडीची. बूड सपाट. ओहोटीले पाणी उतरलं का गाळावर अशी बसते जशी म्हैस. दोघं जण ओढून काठाले लावतात. पण बाहेर नेली का लाटेवर थापा खाते, हाडं ढिली करते. आन् लाकडाची बाहेर मस्त. लाट कापत जाते. पण तिले खाडीत आणली अन् पाणी उतरलं का रुतली, अन् रुतली का आडवी. मंग बसा भरतीची वाट पाहत.’ मी विचारलं, आणि पांढरी? ‘तिचं समोरचं बूड धारदार आहे, मागं सपाट होत गेलं. दोन्हीकडं चालते. दोन्हीकडं थोडी थोडी कमी पडते. खाडीत निळीपेक्षा जास्त पाणी मांगते, बाहेर लाकडीपेक्षा जास्त हालते. पण रुंद आहे, कठडे उंच आहेत, अन् बुडात हवाबंद कप्पे आहेत. भरली तरी बुडत नाही.’ मी म्हटलं, मग बाबांना एवढं कळतं तर विचारतात कशाला? चाचा म्हणाले, ‘त्याचं मन लाकडीवर आहे. दिसते सुंदर. अन् म्हणते, आता बाहेरच जायचं तं पक्कं बाहेर जायचं.’

मग मी विचारलं की निळीकडं पाहून तोंड का फिरवलंत. चाची आतून म्हणाली, ‘सांगून टाका आता. पोरीपासून काय लपवून राह्यले.’

आणि चाचांनी सांगितलं. सकाळी समुद्र शांत होता, ताटात पाणी ठेवावं तसा. अल्तमशची तसलीच सपाट बुडाची बोट घेऊन तुम्ही दोघंच निघालात. अल्तमश म्हणाला होता, खाडीच्या तोंडाच्या बाहेर नेऊ नका. तुम्ही म्हणालात, जरा बाहेर जाऊ, इंजिनाचा आवाज तर ऐकू मोकळ्या पाण्यात. दुपारी वारा फिरला. परत येताना, खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे तिथं लाटा फुटत होत्या. मागून एक लाट आली ती मागच्या बुटक्या फळीवरून थेट आत. इंजिन भिजलं, बंद. दुसऱ्या लाटेनं बोट आडवी केली, तिसरीनं उलटी. चाचा म्हणाले, ‘तुह्या बापानं मले कॉलर धरून उलट्या बोटीवर चढवलं. सोताचा खांदा त्याच वेळी बोटीखाली सापडला. एका हातानं लटकून होता, अन् मले म्हणे, जहांगीर, हात सोडू नोको बे, नूरबीले काय सांगू मी?’ मोठ्या बोटीवाल्यांनी तुम्हाला ओढून काढलं तोवर संध्याकाळ होत आली होती. तुमच्या फुप्फुसात पाणी गेलं होतं. चाचा म्हणाले, ‘मी तेव्हापासून छतावरच्या टाकीजवळ बी नाही जात, बेटा.’ मी हसले. ते हसले नाहीत.

मी विचारलं, हे कधी झालं? चाची म्हणाली, ‘तुही माय दवाखान्यात भरती झाली ना, त्याच रोजी.’

बाबा, रोहिणखेड ते मोताळा स्कूटर मी कशी चालवली मला सांगता येणार नाही. आई गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, तुला माहीत होतं? तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. ‘हाव. दुसऱ्या रोजी सकाळी, ऑपरेशनच्या आधी, अल्तमशचा फोन आला होता. मीच सांगतलं त्याले, पोरीचा फोन उचलू नोको म्हणून.’ म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर ती हे माहीत असूनच गेली, नवरा दुसऱ्या दवाखान्यात नळ्या लावून पडलाय हे पोटात ठेवून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ‘तुले एका वेळी दोन दवाखाने झेपले असते काय? तू इकडं राह्यली असती का तिकडं पळाली असती?’ मी म्हटलं, नंतर तरी सांगायचं. ती म्हणाली, ‘तुह्या बाबानं नोको म्हटलं. म्हणे, ती माह्यावर रागावली आहे ते बरं आहे. घाबरण्यापेक्षा रागावलेली बरी.’

हे वाचून तुम्हाला वाटेल की आता पोरीचा राग गेला. गेला नाही. वाढला. तुम्ही दोघांनी मिळून माझा राग कोणत्या दिशेला जाईल ते ठरवलंत. मी साऱ्या नातेवाइकांत तुमचं नाव घेत फिरले, भिमाबाई आत्यासमोर तुम्हाला बाप म्हणायचं सोडलं, आणि आई बाजूला बसून ऐकत होती. मी शाळेत गेले की तुमचा रोज फोन येतो हे मला आता कळलं. मी घरात असताना रेंज का जाते तेही कळलं. मुलगी सातवी-आठवीतल्या पोरांना गणित शिकवते, पण तिला घरातली साधी गोष्ट झेपणार नाही, असं तुमचं मत. म्हणून माफी नाही. जी शिक्षा तुम्ही स्वतः मागून घेतलीत तिची माफी मी का मागू?

आणि एवढं होऊन तुम्ही परत बोट घेताय. हाडं जुळली, लगेच बोट. बाकीचे लोक एकदा पडले की शहाणे होतात.

आता पत्र का लिहितेय ते. गेले काही दिवस आई सकाळी उठून मैदानाला फेऱ्या मारते. डॉक्टरला विचारून आली, लांबचा प्रवास चालेल का. मेहकरच्या घरातल्या कुंड्या तिनं शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना देऊन टाकल्या. परवा मला विचारत होती, तिकडं आपल्यासारखी ज्वारी भेटते का तांदूळच खातात सारे. मला वाटलं, सहज विचारतेय. मी किती आंधळी ते बघा. ती तुमच्याकडं राहायला येतेय. मी भांडले. म्हटलं, इथं काय कमी आहे तुला? ती म्हणाली, ‘काहीच नाही. पण मले बी हवा खायची आहे. रिटायर काय एकटा बाप्या माणूसच होते?’ बोट तिनं निवडली आहे, तिसरी, पांढरी, आणि तिला त्यात बसायचंय. लाकडीचा विचार डोक्यातून काढा. ती खोल समुद्रात तुम्हाला कितीही सुंदर नेईल, पण खाडीत रुतली तर माझ्या आईला कमरेएवढ्या चिखलातून कोण चालवत आणणार? पण तिसरीही लगेच पक्की करू नका. दसऱ्याच्या सुट्टीत तिला घेऊन मी येते. आई सफाजवळ धक्क्यावर थांबेल. आधी त्या बोटीत मी बसणार, तुमच्यासोबत. खाडीत, आणि मग तोंडाच्या बाहेर, वाळूच्या त्या उंचवट्यावरून, वारा असताना. लाइफ जॅकेट मी घालणार आणि तुम्हीही घालणार, कारण चाचांनी निघताना हेही सांगितलं की तुम्हाला पोहता येत नाही. मला पाण्याची भयंकर भीती वाटते, तरी बसणार. बोटीतलं मला काही कळत नाही. पण मागून लाट येताना तुम्ही पुढं मासा बघताय की मागं माझ्याकडं, तेवढं मला कळेल. त्यावरून मी आईला बोटीत बसवायचं की परतीच्या गाडीत, ते ठरवीन.

तुमचीच, आणि रागावलेलीच,
पायल