सगळ्या ताई

४ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखी एक आली! आता आम्ही बायका चौदा झालो. मागच्या दाराने आली, खांद्यावर गाठोडं, पायांत पुरुषी जोडे. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असेल. दिसायला यथातथा. हे बघून मला बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?

नवीन माणूस आलं की हे त्याला अंगणात उभं करतात आणि दहा प्रश्न विचारतात. कुठून आलात, कशासाठी आलात, मागे काय सोडलंत. हिला एकही नाही! नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे हिला." आणि माझ्याकडे वळून, "ताई, जागा दाखवा."

ताई. स्वतःच्या बायकोला!

'हे' फक्त या वहीत लिहिते. बाहेर आम्हा सगळ्यांना 'प्रेषित' म्हणावं लागतं. सहा वर्षांपूर्वी ह्यांना वाणी झाली — नाती म्हणजे दोर, माणूस त्यांनी खांबाला बांधला जातो. त्या दिवसापासून या घरात सगळ्या बायका ताई आणि सगळे पुरुष दादा. हे पुरुषांच्या बाजूला झोपायला गेले, मी बायकांच्या. आदल्या दिवशीपर्यंत मला "अगं" म्हणून हाक मारायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई! एका रात्रीत जीभ बदलली. त्यानंतर एकदासुद्धा चुकले नाहीत. मी वाट बघत होते, चुकतील म्हणून. दोन वर्षं तरी बघितली असेल.

६ फेब्रुवारी

नवीला लोकर पिंजता येते. माझ्यापेक्षा बरी. झालं!

९ फेब्रुवारी, शनिवार

हौदावर आज धुवायची लोकर आली होती, गुडघाभर ढीग. नवीने पदर खोचला आणि दुपारपर्यंत अर्धा संपवला. बोलत नाही फारशी. हात मात्र असा चालतो की बाकीच्या आपलं काम सोडून बघत बसतात. स्वयंपाकाच्या ताईंनी तर तोंड भरून कौतुक केलं. या ताई घरात सगळ्यांत म्हाताऱ्या, सगळ्यांत आधी आलेल्या, आणि कौतुकाच्या बाबतीत भलत्या चिकट. सहा वर्षांत माझ्या वाट्याला एकदा आलं होतं, तेही मी आजारी होते म्हणून.

संध्याकाळी बैठक. शनिवारी सगळ्यांनी गोल बसायचं आणि आठवड्यात कोण नियमाला चुकलं ते सांगायचं — आपलं आणि दुसऱ्याचंही. आज फारसं काही निघालं नाही. एका दादांनी जास्तीची भाकर खाल्ल्याचं कबूल केलं. ती सगळ्यांनी आधीच पाहिली होती.

१२ फेब्रुवारी

नवीने ह्यांच्यासाठी सदरा शिवला. माप न घेता! गळा हा एवढा मोठा, वर गुंडी नाही. मी मनात म्हटलं, बरी फजिती होणार. तर ह्यांनी तो सकाळी घातला आणि दिवसभर काढला नाही. मी लग्नापासून बंद गळ्याचे शिवतेय. दहा वर्षं! गळा आवळतो म्हणून एकदा तरी सांगायचं होतं.

तो सदरा माझ्या डोळ्यांत खुपतोय. दोरीवर वाळत असला तरी खुपतो.

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

दुपारचं ताट मी नेते. या घरात माझं म्हणून उरलेलं एवढंच. हे वरच्या खोलीत एकटेच जेवतात, मी ताट ठेवते, पाणी देते, भिंतीला टेकून बसते. पंधरा मिनिटं. बोलणं काही होत नाही. कधी लोकरीचा विषय निघतो, कधी छपराचा. पण दार लोटलेलं असतं, आणि तेवढा वेळ हे माझे असतात. बाकी दिवसभर सगळ्यांचे.

आज स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "उद्यापासून ताट या ताई आणतील." नवीकडे बघून. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? चुलीत विनाकारण दोन लाकडं सारली. स्वयंपाकाच्या ताई म्हणाल्या, भात करपेल. करपू दे.

१६ फेब्रुवारी

पंधरा नाही. ती अर्धा तास बसली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पिंजलेली लोकर वरच्या माळ्यावर ठेवायला गेले होते. मुद्दाम त्याच वेळेला, हेही लिहून टाकते. ह्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून ह्यांचा आवाज आला.

"अगं, मीठ ठेवलंच नाहीस बघ."

आणि हसले! सहा वर्षांत मी ह्यांचं हसणं ऐकलं नाही.

माझ्या हातून गठ्ठा पडला. लोकर ती, आवाज झाला नाही. जिन्यावर बसले आणि दोन्ही हात तोंडावर धरले. रडू येत नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. माझ्यासाठी जी जीभ सहा वर्षांत एकदा घसरली नाही, ती हिच्यासाठी चौदा दिवसांत घसरली! काय आहे तिच्यात? रूप नाही, वय नाही, बोलणं नाही. मीठसुद्धा ठेवायला विसरते!

२० फेब्रुवारी

नियम असा आहे: ज्याच्या तोंडून वेगळी हाक निघेल त्याने महिनाभर मौन धरायचं, आणि जिला हाक मारली तिने दुसऱ्या दिवशी घर सोडायचं. चुकायचं एकाने, निघायचं दुसरीने. हा नियम कुणी केला? ह्यांनीच.

स्वयंपाकाच्या ताईंना सांगून टाकलं. त्या कणीक मळत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या की मी काही ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकलं नाहीत असं समजा. तिला जायला जागा नसेल तर?

मला तरी कुठे आहे? वडील गेले, माग विकला गेला. हे माझ्या वडिलांकडे माग चालवायला आले होते, त्यांनीच हौसेने लग्न लावून दिलं. या घराबाहेर माझं कुणी नाही. आणि घरात जे होतं ते ती ताटासकट उचलून घेऊन गेली.

२२ फेब्रुवारी

नवीने आज मला स्वतःहून विचारलं, तुमचा खांदा दुखतो का, तेल लावून देऊ? मी म्हटलं, नको. खांदा दुखत होता.

२३ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सगळे गोल बसले होते. कुणी चुकलं का, विचारलं तेव्हा मी उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला. प्रेषितांनी सोमवारी या ताईंना 'अगं' म्हणून हाक मारली, मी ऐकली. चाळीस माणसांच्या माना वळल्या. दादा लोक माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जसं काही मीच पाप केलंय.

मला वाटलं होतं, हे नाही म्हणतील. नाही म्हणावं असंही वाटत होतं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "हो. चुकलो." आणि मौन सुरू झालं.

मी तिच्याकडे बघत होते. रडेल, पाया पडेल, काहीतरी बोलेल. ती उठली, पदर झटकला आणि गाठोडं बांधायला गेली. तिला फार वेळ लागला नाही.

जिंकले. उद्यापासून ताट माझं. आनंद व्हायला हवा, आणि होईलही. सकाळपर्यंत होईल.

२४ फेब्रुवारी, रविवार

फाटकापर्यंत तिला सोडायला मीच गेले. दुसरं कुणी पुढे आलं नाही. तिथे थांबून ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. अकरा वर्षं हे मला तशीच हाक मारायचे. मग लोकर आणायला जातो म्हणून निघाले, त्याला बारा वर्षं झाली. जिवंत आहेत का, एवढंच बघायला आले होते." सभेत का नाही बोललात, मी विचारलं. म्हणाली, बोलून काय करायचं? घरी लवकर पोचायला हवं. सासूबाईंची नजर गेलीय, पण रोज दारात बसून असतात. त्यांना सांगते, पोरगा खातोपितो, अंगाने भरलाय.

हे माझ्या वडिलांना म्हणाले होते, मागे कुणी नाही.

मी अंगावरचं कांबळं काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हातारीला द्या म्हटलं.

"कुणी दिलं म्हणून सांगू?" तिने विचारलं.