हरी दामोदर मुळ्ये यांच्या नावापुढील 'बेवारस' हा शेरा काढण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
निराश्रित व्यवस्था शाखा,
इंदूर

विषय : आश्रयगृहाच्या मृत्यू नोंदवहीत दुरुस्ती होण्याबाबत.

संदर्भ : माझा पहिला अर्ज परत करणारे आपले पत्र, दि. २८ जानेवारी १९९४.

महोदय,

मागच्या भेटीत आपण म्हणालात, "मराठीतच लिहा, मी वाचतो. हिंदी प्रत फाइलला लावू." त्याप्रमाणे दोन्ही प्रती देत आहे.

१. माझे वडील श्री. हरी दामोदर मुळ्ये शारदा मिलच्या साचेखात्यात मागावर एकतीस वर्षे कामाला होते. दोन वर्षांपूर्वी मिल बंद झाली. गेटवरच्या सूचनेत 'पुढील आदेशापर्यंत बंद' एवढेच शब्द होते. बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर दिसला नाही, तर मिलमध्ये त्याचे नाव कापले जाई. वडिलांची पहिली चार वर्षे तशीच गेली होती. त्यामुळे पुढील आदेश येईल तेव्हा आपण तिथे असले पाहिजे, असे ते मानत. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत ते मिलच्या दुसऱ्या गेटसमोर खुर्ची टाकून बसत. उन्हासाठी भिंतीला ताडपत्री बांधत. मी पुष्कळ समजावले. मग समजावणे सोडले आणि डबा देऊ लागले.

२. सार्वजनिक जागी विनाकारण दोन तासांहून अधिक थांबण्यास व आडोसा बांधण्यास मनाई करणारा आदेश ऑक्टोबरमध्ये निघाला. वडिलांनी तो वर्तमानपत्रात वाचला होता. आपण विनाकारण बसत नाही, तेव्हा तो आपल्याला लागू नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १३ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता आपल्या शाखेच्या पथकाने त्यांना खुर्चीसकट गाडीत घेतले. आश्रयगृहाच्या फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले : 'साचेखाता, बिल्ला नं. १४७, शारदा मिल.' ते सगळीकडे असेच लिहीत. माझ्या शाळेच्या प्रवेश अर्जावरही हेच आहे. मिल बंद असल्याने कर्मचाऱ्याने त्यापुढे 'घर नाही' अशी नोंद केली.

३. आश्रयगृहाचे पहारेकरी प्रतापराव यांनी मला पुढील हकीकत सांगितली. घर विचारले की वडील म्हणत, "तीन बजे छुट्टी होगी, तब जाऊँगा." त्यावर कोणीतरी म्हणाले, "बाबूजी, आज ओवरटाइम है." सगळे हसले. वडील मात्र तीननंतरही बसून राहिले. ओव्हरटाइमला नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी ते दम्याने गेले. दरम्यान मी पोलिस ठाण्यात ते हरवल्याची तक्रार दिली होती. तिच्यावर छत्रीबागेचा पत्ता होता, त्यामुळे दोन कागद जुळले नाहीत. सातव्या दिवशी मी आश्रयगृहात पोचले, तेव्हा ओळख पटवण्यासाठी मला त्यांची खुर्ची दाखवण्यात आली. अग्नी आधीच दिला गेला होता. कोणी दिला, याची नोंद नाही.

४. 'मृत व्यक्ती बेवारस असल्याने तिच्या वतीने अर्ज करण्यास कोणीही पात्र नाही,' या कारणाने माझा पहिला अर्ज परत आला. आपल्या बाबूंना मी रेशनकार्ड दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, लावारिस की बेटी कहाँ से आ गई?" त्यांनी हे उद्धटपणे विचारले नाही. त्यांना खरोखरच ते समजत नव्हते. मी शिक्षिका आहे, पुष्कळ वाचते. पण या प्रश्नाचे उत्तर मला अजून कुठे सापडलेले नाही.

५. दोष कोणाचा, हे मी विचारत नाही. भरपाईही नको. 'बेवारस' हा शब्द खोडून तिथे 'मुलगी : वसुधा, राहणार छत्रीबाग' एवढे लिहावे, ही विनंती आहे.

हे होईल असे मला फारसे वाटत नाही. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, हे आपण सांगितलेच आहे. तेव्हा हाही अर्ज नामंजूर करावा लागल्यास एक करावे. मागचे पत्र नुसते 'अर्जदार' या नावाने आले होते. या वेळच्या नकारपत्रावर माझ्या नावाखाली 'मृताची मुलगी' असे लिहून सही-शिक्का द्यावा. तो नकार मी जपून ठेवीन, आणि पुन्हा आपल्या कार्यालयाला त्रास देणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
वसुधा हरी मुळ्ये
छत्रीबाग, इंदूर
दि. १७ फेब्रुवारी १९९४

सोबत : १. रेशनकार्डाची नक्कल २. शाळेच्या प्रवेश अर्जाची नक्कल, इ. स. १९६६ ३. हिंदी प्रत